नॉर्मल नंबर दोन

सहाव्यांदाही कडा तुटक्याच आल्या, तेव्हा सर मायक्रोस्कोपवरून डोळे काढत म्हणाले की तुझा हात अजून बसलेला नाही. रागावून नाही म्हणाले. शिवण शिकणाऱ्या मुलीला टाके वाकडे पडताहेत म्हणून सांगावं, तसं. मी मान डोलावली आणि सातव्यांदा कामाला लागले. प्रयोगशाळेत येऊन मला आठच महिने झाले होते आणि आठ महिन्यांच्या हातावर माझाही फारसा विश्वास नव्हता.

काम असं होतं. एका आनुवंशिक आजारात मुलग्यांचे स्नायू वर्षागणिक झिजत जातात. स्नायूच्या प्रत्येक पेशीला आतून एका प्रथिनाचं अस्तर असतं, आकसताना आणि ताणताना पेशीची भिंत फाटू नये म्हणून. या मुलग्यांच्या जनुकातला एक तुकडा गळालेला असतो, त्यामुळे अस्तर तयारच होत नाही. भिंत फाटते, आत नको ते शिरतं, आणि पेशी मरते. काही पेशी फुटून मरतात. पुष्कळशा मात्र भाड्याचं घर सोडावं तशा बिऱ्हाड आवरून जातात: आतलं सामान मोडायचं, लहान लहान पुड्या बांधायच्या, शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही. या आवरून जाणाऱ्या पेशी मोजणं हे माझं काम. रुग्णाच्या हजार पेशींत किती आणि निरोगी माणसाच्या हजार पेशींत किती. दोन्हींतला फरक म्हणजे आमचं सगळं संशोधन.

म्हणजे निरोगी माणूस खरोखर निरोगी असणं आलं.

आमच्याकडे निरोगी माणसं दोन होती. ‘नॉर्मल एक’च्या पेशी मी यायच्या आधीच संपल्या होत्या. उरली ‘नॉर्मल दोन’. चार वर्षांपूर्वी कोणीतरी मांडीतला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा दिला होता, त्यातून वाढवलेल्या पेशी द्रव नायट्रोजनच्या टाकीत एकेचाळीस कुप्यांत गोठवून ठेवल्या होत्या आणि तुकड्याचा उरलेला भाग कापायला वेगळा ठेवला होता. त्याचा पातळ काप घेऊन अस्तराला हिरवा रंग लावला की प्रत्येक पेशीभोवती अखंड हिरवी कड दिसायला हवी. मला दिसायच्या त्या मध्येच तुटलेल्या. चार पेशी हिरव्या, एक काळी, परत सहा हिरव्या, दोन काळ्या. दिवे गेलेल्या इमारतीत कुठेकुठे इन्व्हर्टर असावा तसं.

“ही बाई पहिल्यापासून अशीच आहे,” काका म्हणाले. काका म्हणजे आमचे तंत्रज्ञ, अठ्ठावीस वर्षं याच टेबलांवर काम केलेले. “रंग धरत नाही नीट. तू आपली उगाच जिवाला लावून घेऊ नकोस.”

“बाई?” मी विचारलं. “नॉर्मल दोन बाई आहे हे तुम्हाला कसं माहीत?”

काका नळ्यांची झाकणं लावत राहिले. हे त्यांनी बोलायला नको होतं. आमच्याकडे नमुना खालच्या मजल्यावरच्या रुग्णालयातून येतो तो नुसता आकडा लावून. नाव, घराणं, आजाराचा इतिहास, सगळं रुग्णालयाच्या कपाटात राहतं. माणसाची खासगी गोष्ट खासगी राहावी म्हणून ही पद्धत. पद्धत चांगली आहे, असं मला तेव्हा वाटत होतं.

सातव्यांदाही तसंच आलं. मग मी सरांना न विचारता एक साधी गोष्ट केली. रुग्णालयाच्या हाडांच्या विभागात एका सुताराच्या मांडीचं हाड जोडत होते. त्याची रीतसर संमती घेऊन काढून टाकलेल्या स्नायूचा एक कण मी आणला. त्याचा काप आणि नॉर्मल दोनचा काप एकाच काचेवर शेजारी शेजारी ठेवले. एकच रंग, एकच थेंब, एकच तास. सुताराच्या कडा इतक्या अखंड आल्या की त्या जाळीने मासे पकडता आले असते. शेजारीच नॉर्मल दोन, तशीच ठिगळाठिगळांची.

माझा हात ठीक होता.

मरणाऱ्या पेशी मोजल्या. सुताराच्या हजारात एकोणीस. नॉर्मल दोनच्या हजारात बासष्ट. सरांच्या मागच्या लेखात लिहिलं होतं की एका नव्या औषधाने रुग्णाच्या पेशींतलं मरण ‘नॉर्मलच्या पातळीवर’ आलं. ती पातळी म्हणजे हेच बासष्ट. औषधाने मुलांना कुठे नेऊन सोडलं होतं ते मी बोटावर मोजून पाहिलं, आणि मला पहिल्यांदा राग आला. तो तेव्हा आकड्यांचाच राग होता.

ठिगळं कशाची, हे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या कोणालाही सांगता येईल. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलग्याकडे एक्स एकच, तो खोटा निघाला की संपलं. मुलीकडे दोन; प्रत्येक पेशी त्यांतला एक चालू ठेवते, एक झोपवते. एक एक्स चांगला आणि एक खोटा असेल तर काही पेशींना अस्तर मिळतं, काहींना नाही. बाई चालते, पळते, जिने चढते, तिला काही होत नाही, किंवा फार थोडं होतं. पण तिच्या मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी. अशा बाईला वाहक म्हणतात. तिच्या नमुन्यातल्या जनुकाची मोजणी लावली तर गळणारा तुकडा निम्मा भरायला हवा. मी लावली. निम्माच भरला. परत लावली, तरी निम्माच.

मंगळवारी दुपारी माझ्याजवळ या मोजणीचा कागद होता. बुधवारी जुन्या वह्या चाळताना माझ्या आधीच्या विद्यार्थिनीची वही सापडली, दोन वर्षांपूर्वीची. तिने निळ्या शाईत लिहिलं होतं: नॉर्मल दोन, कडा तुटक, वाहक? आणि खाली सरांच्या हिरव्या शाईत: रंग परत लावावा.

तिने परत लावला होता. चार वेळा. मग ती नोकरी लागून निघून गेली होती.

गुरुवारी कप्तान आला.

कप्तानचं हे नाव त्याने स्वतःच ठेवलेलं. वीस वर्षांचा, चाकांच्या खुर्चीत, हातांत आता चमचा धरण्यापुरतं बळ, आणि आवाज मात्र बंदरावर हुकूम सोडणाऱ्याचा. दरवर्षी तपासणीला यायचा, आणि रुग्णालयातलं झालं की आमच्या मजल्यावर चक्कर मारायचा, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या मांडीचा तुकडा इथे राहतो आणि नातेवाइकांची खुशाली विचारावी लागते. मी डॉक्टर नाही हे सांगूनही तो मला डॉक्टरीणबाई म्हणू लागला. त्या दिवशी नमुना घ्यायला मी खाली गेले होते, तर समुपदेशक बाईंनी चुकून पूर्ण फाइलच टेबलावर ठेवलेली होती. वर घराण्याचा तक्ता. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, काळं केलेलं म्हणजे आजार. कप्तानचा चौकोन काळा. त्याच्या आईच्या भावाचाही काळा, आणि त्यावर तिरकी रेघ, म्हणजे गेलेला. म्हणजे आई नक्की वाहक. आणि कप्तानच्या शेजारी एक गोल, मोठी बहीण, पांढरा, कोरा. त्या गोलाखाली पेन्सिलीने लिहिलेला आकडा मी रोज वाचत होते. आमची नॉर्मल दोन.

तक्त्यात काळा मामा आणि काळा भाऊ. शाळेतल्या मुलाने सांगितलं असतं की या मुलीची शक्यता निम्मी आहे. पण तक्ता खालच्या कपाटात होता आणि पेशी वरच्या टाकीत. आमच्या अर्जात रकाने दोनच होते, ‘रुग्ण’ आणि ‘नॉर्मल’. चार वर्षांपूर्वी ती भावाची खुर्ची ढकलत आली असेल, दोन-दोन पायऱ्या एकदम चढली असेल, आणि कोणीतरी दुसऱ्या रकान्यात खूण केली असेल.

ताई कप्तानच्या मागेच उभ्या होत्या. एकोणतीस-तीस वर्षांच्या, चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचं काम करणाऱ्या. बोटांच्या टोकांवर बारीक पांढरे चरे. लिफ्टच्या उंबऱ्यापाशी खुर्ची अडकली, तर त्यांनी ती स्वतः उचलली नाही. काकांना हाक मारली.

“आज तुम्हीच उचला, काका. मला मनाई आहे.”

कप्तानने लगेच बातमी फोडली. मामा होण्याच्या दर्जाला पोचल्यापासून आपल्याला साहेब म्हटलं पाहिजे, अशी त्याची अट होती. ताई हसल्या. दहावा आठवडा लागला होता. घरी अजून सगळ्यांना सांगितलेलं नव्हतं.

“तुम्हाला आधी सांगते,” त्या काकांना म्हणाल्या. “तुमच्याच भरवशावर तर झालं. दरवर्षी विचारायचे ना मी, माझं काय निघालं म्हणून? आणि तुम्ही म्हणायचात, तुम्ही तर आमच्या नॉर्मल नंबर दोन. तीन वर्षं तेवढं ऐकायला यायचे मी. हा तर निमित्त.”

“निमित्त,” कप्तान म्हणाला. “ऐकलंत? मी निमित्त.”

काकांनी खुर्ची लिफ्टबाहेर काढली, चाकं सरळ केली, आणि मग माझ्याकडे पाहिलं. मंगळवारचा कागद मी त्यांनाच आधी दाखवला होता. माणसाचा चेहरा एका क्षणात दहा वर्षांनी कसा म्हातारा होतो ते मी त्या दिवशी पाहिलं. चार वर्षांपूर्वी ताईंचा तुकडा खालून वर आणला तो काकांनीच, आणि ते त्यांनी ताईंना चांगलं वाटावं म्हणून म्हटलं होतं. नमुन्याच्या बाटलीवर जे लिहिलं होतं तेच वाचून दाखवलं होतं.

 ते लोक गेले. मी थेट सरांच्या खोलीत गेले.

सरांनी सगळं ऐकलं. काच पाहिली, मोजणी पाहिली, जुन्या वहीचं पानही पाहिलं. ते वाईट माणूस नाहीत. हे लिहिताना मला त्याचाच जास्त त्रास होतो. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि समजावून सांगितलं. एक तर आपली प्रयोगशाळा निदानाची नाही, संशोधनाची आहे. आपल्या आकड्याला निदान म्हणता येत नाही. दुसरं, संमतिपत्रातलं अकरावं कलम: संशोधनातून मिळालेली वैयक्तिक माहिती सहभागी व्यक्तीला कळवली जाणार नाही. ताईंनी सही केली आहे. तिसरं, अपवाद करायचा तर नीती समितीची परवानगी लागते. तू अर्ज लिही, मी आजच सही करतो.

“समितीची बैठक कधी आहे?”

सरांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. सात आठवड्यांनी.

सात आठवड्यांनी ताईंचा सतरावा आठवडा लागणार होता. गर्भाच्या वारेच्या पेशी घेऊन होणारी तपासणी अकराव्या ते तेराव्या आठवड्यात होते. नंतरची तपासणीही आहे, पण ती उशिराची, आणि उशीर म्हणजे काय ते पोट वागवणाऱ्या बाईला विचारावं. हे मी सरांना सांगितलं. त्यांना ते माझ्याहून चांगलं माहीत होतं.

मग मी विचारलं की निदान समुपदेशक बाईंना एवढंच सांगू का, की हिची तपासणी करून घ्या? सर म्हणाले, सूचक बोलणं हेही कळवणंच आहे.

“आणि दोन वर्षांपूर्वी? वाहक, प्रश्नचिन्ह, असं लिहिलेलं तुम्ही वाचलं होतं.”

“शंका म्हणजे निष्कर्ष नाही,” सर म्हणाले. “शंका आली की प्रयोग परत करायचा. तेच मी लिहिलं.”

शास्त्राच्या दृष्टीने वाक्य बिनचूक होतं. मला त्या बिनचूकपणाची चीड आली. कारण त्या वेळी एक साधं काम कोणालाही करता आलं असतं: खाली जाऊन तक्ता पाहायचा. पण पाहिला असता तर नॉर्मल दोन गेली असती, आणि तिच्याबरोबर दोन छापलेले लेख आणि एक छापायचा. सर खोटं बोलत नव्हते. त्यांनी फक्त खालच्या मजल्यावर न जाण्याचं ठरवलं होतं, आणि बहुधा असं काही ठरवलंय हे स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

मी अर्ज लिहिला. आणि इथे माझाही हिशेब मांडायला हवा: त्यानंतर मी पाच दिवस गप्प बसले. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार. माझी शिष्यवृत्ती सरांच्या सहीवर चालते, हे एक कारण. दुसरं कारण, मला वाटत होतं की एवढी मोठी माणसं आहेत, कोणीतरी काहीतरी करेल. मंगळवारी संध्याकाळी काका टेबल पुसता पुसता म्हणाले, “पोरी, ज्या दिवशी तू मला तो कागद दाखवलास, त्या दिवसापासून मी घरी नीट जेवलेलो नाही. पण मी जाऊन सांगितलं तर ती कुणावर विश्वास ठेवील? नॉर्मल म्हणणारा मीच.”

बुधवारी दुपारी मी चष्म्याच्या दुकानात गेले.

दुकानाच्या मागे एक अरुंद खोली होती, तिथे काच घासण्याचं यंत्र. पाण्याची बारीक धार, फिरणारं चाक, आणि समोर स्टुलावर ताई. कप्तान दाराशी खुर्चीत बसून गिऱ्हाइकांच्या पावत्या वाचून दाखवत होता. दुपारचा तो इथेच असायचा. मी म्हटलं, जरा एकटीशी बोलायचं आहे. ताईंनी यंत्र बंद केलं. कप्तान म्हणाला, “आजाराचं असेल तर माझ्यासमोर बोला. विषय माझ्या मालकीचा आहे.”

मग मी सांगितलं. तुमची तपासणी कधी झालीच नव्हती, ताई. नॉर्मल हे निदान नव्हतं, ते बाटलीवरचं लेबल होतं. आता मोजणी झाली आहे आणि तुम्ही वाहक आहात असं दिसतं. आमचा आकडा निदानाला चालत नाही, म्हणून उद्या सकाळीच रुग्णालयात जाऊन स्वतःची तपासणी मागा, तिचा निकाल चारपाच दिवसांत येईल, आणि बाळाची तपासणी करायची असेल तर त्याला अजून तीन आठवडे आहेत. कुठल्या खिडकीवर कुठला अर्ज ते एका कागदावर लिहून नेलं होतं, तो कागद दिला.

ताईंनी कागद घेतला नाही. हात ओले होते. त्या पुसत राहिल्या, कोरडे झाल्यावरही.

“कधी कळलं?”

“मला मागच्या मंगळवारी.”

“मंगळवारी. आणि गुरुवारी मी तुझ्यासमोर उभी होते.”

मी हो म्हटलं.

“आणि आज बुधवार.”

 मग मी जुन्या वहीचंही सांगितलं. लपवायचं काही उरलं नव्हतं.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ट्रेमधली एक काच उचलली, दिव्यासमोर धरली, परत ठेवली. “आमच्याकडे एखाद्याला चुकीचा चष्मा गेला ना,” त्या म्हणाल्या, “तर मालक त्याच्या घरी माणूस पाठवतो. जिन्यावरून पडेल म्हणून. चष्म्यासाठी. आणि तुम्ही एवढी शिकलेली माणसं. दोन वर्षं तुमच्या वहीत माझ्या नावापुढे प्रश्नचिन्ह होतं आणि मी दरवर्षी येऊन तोच प्रश्न विचारत होते.”

“नावापुढे नाही,” मी म्हटलं. “आकड्यापुढे.” आणि म्हटल्याक्षणी जीभ चावली.

कप्तानने हातातली पावती मांडीवर ठेवली. मग बहिणीकडे न पाहता म्हणाला, “हे बघ ताई. मी काही वाईट चीज झालेलो नाही. वाईट आहेत ते जिने. तू काय ठरवशील ते ठरव, मी त्यात नाक खुपसणार नाही, मला वाईटही वाटणार नाही. म्हणजे वाटलं तर तुला सांगणार नाही. पण ठरवताना दिवा लावून ठरव. या लोकांनी तुला अंधारात बसवलं, याचा मला राग आहे.”

“तुला कळतं तेवढं मलाही कळतं,” ताई म्हणाल्या, आणि त्याच्या खांद्यावरची काचेची पूड झटकली. मग कागद घेतला.

पुढचं सगळं त्यांनी स्वतः केलं. रुग्णालयाचा निकाल आमच्यासारखाच आला. बारा आठवडे आणि चार दिवस झाले असताना त्यांची वारेची तपासणी झाली. त्यात काय निघालं आणि त्यांनी काय ठरवलं ते त्यांनी मला सांगितलं आहे. ते मी इथे लिहिणार नाही. त्यांच्याबद्दलची एक गोष्ट दुसऱ्यांच्या कपाटात फार दिवस राहिली. ही त्यांच्याजवळ राहू दे.

मी नियम मोडल्याचं मीच सरांना जाऊन सांगितलं. त्यांनी माझ्याकडून टाकीच्या खोलीची किल्ली घेतली आणि चौकशी होईपर्यंत मला वाचनालयात बसायला सांगितलं. मी बसले. तिथे मी काय केलं, तर ते चार पानी संमतिपत्र पहिल्यांदा पूर्ण वाचलं. आठ महिन्यांत मी नव्वद माणसांची त्यावर सही घेतली होती; नमुन्यांना आकडे मागाहून रुग्णालय लावायचं. अकरावं कलम सगळ्यांना पाठ होतं. सातवं कोणीही कधी उच्चारलेलं मी ऐकलं नव्हतं: सहभागी व्यक्ती कोणत्याही वेळी संमती मागे घेऊ शकते, तसं केल्यास तिचे सर्व नमुने नष्ट केले जातील, आणि मागे घेण्याचं कारण, व्यक्तीने दिल्यास, जसंच्या तसं नोंदवून त्या नमुन्यांवर आधारित सर्व लेखांच्या प्रकाशकांना कळवलं जाईल.

मी ताईंना फोन करून ते कलम वाचून दाखवलं. सल्ला दिला नाही. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

दोन आठवड्यांनी त्या आल्या, कप्तानला घेऊन. आधी त्यांना स्वतःच्या पेशी पाहायच्या होत्या. सर नको म्हणू शकले नाहीत. काकांनी अंधारी खोली उघडून दिली, माझी ती शेवटची काच लावली. ताईंनी मायक्रोस्कोपचं चाक स्वतःच फिरवलं. काच स्पष्ट कशी करायची हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. एका बाजूला सुताराची अखंड जाळी, दुसऱ्या बाजूला त्या. बराच वेळ पाहिलं.

“एवढं स्पष्ट दिसतं हे?” त्यांनी विचारलं. काकांना विचारलं.

“हो.”

“पहिल्यापासून असंच दिसत होतं?”

काका म्हणाले, “पहिल्यापासून.” आणि मग, कोणी विचारलं नसताना, “माझं चुकलं.” त्या मजल्यावर हे दोन शब्द त्याआधी आणि त्यानंतर दुसऱ्या कोणाच्या तोंडून मी ऐकले नाहीत.

मग काकांसकट सगळे सरांच्या खोलीत बसलो. सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की तुझं ऐकतील, समजाव. पेशी दुर्मीळ आहेत, वाहकाच्या म्हणून त्यांचा वेगळा उपयोग होईल, आजारी मुलांचंच नुकसान आहे. हेच त्यांनी ताईंनाही सांगितलं, नीट, सभ्यपणे. ताईंनी ऐकून घेतलं.

“परत देईन,” त्या म्हणाल्या. “मांडीत पुष्कळ आहे. पण आधी अर्जात माझ्यासाठी रकाना करा. आणि जे निघेल ते मला सांगायचं, असं लिहून द्या. तोपर्यंत जे आहे ते काढून टाका.”

कप्तान म्हणाला, “माझं राहू दे. माझं लेबल बरोबर आहे.”

सरांनी संमती मागे घेण्याचा अर्ज पुढे केला. टाइप करून तयार ठेवला होता. सही करायची जागा पेन्सिलीने फुलीने दाखवलेली. ताईंनी खिशातून दुकानातली लहान भिंगाची नळी काढून डोळ्याला लावली, बहुधा सवयीने, आणि सगळा अर्ज ओळीओळीने वाचला. चौथ्या ओळीत थांबल्या. तिथे ‘कारण’ असं छापलेलं होतं आणि त्यापुढे आधीच टाइप केलेलं होतं: वैयक्तिक.

“हे कोणी लिहिलं?”

सर म्हणाले की बहुतेक जण असंच लिहितात, सोय म्हणून.

“बहुतेक जण म्हणजे किती?”

 ताईंच्या आधी हा अर्ज कोणी भरलेलाच नव्हता.

ताईंनी माझ्याकडून पेन मागितलं. तो शब्द एकाच सरळ रेघेने खोडला, काचेवर खूण करतात तशी, आणि वर जागा अपुरी होती म्हणून बाजूच्या समासात उभं अक्षर लावून लिहिलं: मी नॉर्मल नव्हते. मी दरवर्षी विचारत होते. तुमच्या वहीत लिहिलेलं होतं. मग सही केली, पूर्ण नाव लिहून, आणि आकड्याच्या चौकटीत काहीच भरलं नाही.

“हे असंच्या असं जाणार ना, छापणाऱ्यांकडे?” त्यांनी सरांना विचारलं.

 उत्तर काकांनी दिलं. “सातवं कलम,” ते म्हणाले. “जसंच्या तसं.”

टाकीच्या खोलीची किल्ली त्या दिवशी मला परत मिळाली नाही, म्हणून मी दारातूनच पाहिलं. काकांनी जाड हातमोजे घातले, झाकण उघडलं, धुकं जमिनीपर्यंत उतरलं. एकेचाळीस कुप्या त्यांनी एकेक करून मोठ्याने मोजत ट्रेमध्ये ठेवल्या, आणि ताई शेजारी उभ्या राहून त्यांच्याबरोबर मोजत होत्या.